ग्रीनहाऊसमधली आढी

शनिवारी सकाळी शोभनाने ग्रीनहाऊसचं दार सरकवलं तर पायाखाली फुलं. टोमॅटोची, पिवळी, देठासकट गळलेली. काल संध्याकाळी तिने सगळी झाडून काढली होती आणि रात्रीत पुन्हा तेवढीच पडली होती. वर झाडं दोरीला धरून उभी होती, पण पानं अशी खाली वळली होती की जणू कुणी रागावलंय त्यांना. तिने बादलीतल्या मातीत बोट घालून पाहिलं, ओल होती. पानं उलटून पाहिली, कीडही नव्हती.

"अरे, झालंय तरी काय तुम्हाला?" ती मोठ्यांदा म्हणाली. झाडांशी बोलायची तिला सवय होती आणि या घरात त्याला कुणी हसत नसे.

झाडं तिची, ग्रीनहाऊस नरेंद्रचं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्याने किट आणून मागच्या अंगणात ते स्वतः उभं केलं होतं. उभं झाल्यावर हातात चार स्क्रू उरले आणि ते कुठले, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. तरी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेचा एक अख्खा हिवाळा ग्रीनहाऊसने अंगावर झेलला. "वहिनी, बर्फ पडलं की तू खिडकीशी बसून कुढतेस. आता आत जाऊन माती चिवड," एवढं बोलून नरेंद्रने किल्ली तिच्या हातात ठेवली होती.

दीर खरा, पण लग्न होऊन ती कराडच्या घरात आली तेव्हा तो हाफ पँटमध्ये होता आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याच्या शाळेच्या डब्यापासून दाढीच्या पहिल्या ब्लेडपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. पुढे तिचा नवरा मनोहर आणि ती शेजारच्या एडिसनला आले, मागोमाग नरेंद्रही शिकायला आला, इथलाच झाला, हिमानीशी लग्न केलं. मनोहर गेले, एडिसनचं अपार्टमेंट सोडावं लागलं, तेव्हा शोभना या घरात आली ती महिनाभरासाठी. चार वर्षं झाली त्याला. महिना काही संपला नव्हता.

आता मात्र संपणार होता. ईशान, तिचा मुलगा, काल रात्रीच्या विमानाने पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून आला होता. सोबत आठ वर्षांची आन्या. सोमवारी परतायचं होतं, आणि परतीची तिकिटं तीन होती.

शोभनाने स्वतःच कबूल केलं होतं. ईशान गेले सहा महिने मागे लागला होता. बायकोला, निधीला, आता रोज ऑफिसला जावं लागतं, आन्या शाळेतून रिकाम्या घरी येते, आणि आई, आता आमचं घर मोठं आहे, तुझी खोली तयार आहे. नाही कसं म्हणायचं? मुलाचं घर ते आपलं घर, असंच ती ऐकत आली होती. दिराच्या घरी माणसाने किती दिवस राहायचं? पण जाताना हिमानीच्या हातात काहीतरी ठेवून जावं, असं तिच्या मनात होतं. साडी हिमानी नेसत नाही, दागिन्यांची तिला हौस नाही. दुकानातले टोमॅटो मात्र ती दर खेपेला हातात घेऊन नाक मुरडते, "यांना ना वास, ना चव." म्हणून मार्चमध्ये शोभनाने रोपं लावली आणि फोनवर ईशानला सगळ्यांदेखत सांगितलं, "टोमॅटो धरले की मी यायला मोकळी, पहिली टोपली हिमानी तोडेल."

चार वर्षांचे आभार एका टोपलीत मावणार नव्हतेच. पण आता ती टोपलीही गेली होती.

"थंडीने झालं असेल," दारातून आवाज आला. नरेंद्र टोपी घालून, हातात चहा घेऊन उभा होता. "मंगळवारी रात्री पारा उतरला होता."

"थंडी कुठली? आत किती ऊब आहे बघ. आंब्यांसाठी म्हणून आपणच वरच्या झडपा बंद केल्या ना."

आंबे म्हणजे हिमानीची दरवर्षीची ग्रुप ऑर्डर. मे महिना आला की तिच्या अंगात यायचं. व्हॉट्सॲपवर एडिसन-पिस्कॅटवेची चाळीसेक घरं, विमानतळाच्या कार्गोतून पेट्या आणायच्या नरेंद्रच्या व्हॅनने, आणि वाटप या घरातून. यंदा आंबे आले ते दगडासारखे. लोकांचे फोन सुरू झाले, "काकू, मुलं रोज विचारतात," "पुढच्या वीकेंडला पूजा आहे." हिमानीचा चेहरा पडला. तेव्हा शोभनाच म्हणाली होती, "आढी घालू. आठवड्यात पिकवून देते बघ." हिमानीने विचारलं, इथे पेंढा कुठून आणणार? शोभनाने गराजकडे बोट दाखवलं. हॅलोविनला लोक दारात भोपळ्याखाली पेंढ्याची गठडी मांडतात, ती तिथे पडून होती. मग रविवारी दोघी जावांनी मांडी घालून आंबे लावले. खाली पेंढा, वर आंबे, त्यावर पुन्हा पेंढा. जागा निवडली ती घरातली सगळ्यात उबदार, टोमॅटोच्या बाकाखालची.

आढी उत्तम पिकली. दार उघडलं की सुवास नुसता अंगावर येत होता.

"वहिनी," नरेंद्र झाडाकडे बघत म्हणाला, "जाऊ दे. पुन्हा लावता येतील."

"कोण लावणार? मी सोमवारी चाललेय."

चहाचा घोट नरेंद्रने उगाच जास्त वेळ तोंडात धरला. शोभनाला वाटलं, हा आता म्हणेल, नको जाऊस. पण नरेंद्रनेच तर महिन्याभरापूर्वी ईशानला फोनवर सांगितलं होतं की, वहिनीचा जीव नातीत आहे, तू ये आणि घेऊन जा. ते तिने ऐकलं होतं आणि त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. नातीत जीव होताच. पण तो फक्त तिथेच होता असं नाही.

"आई!" ईशान अंगणातून आला, पायात नरेंद्रच्या सपाता. "तू सकाळपासून इथेच? अजून पॅकिंग राहिलंय ना?"

"फुलं बघ रे सगळी गळली."

त्याने वाकून एक फूल उचललं. "आई, इट्स ओके. आपण बेलव्ह्यूच्या बाल्कनीत लावू. मी सेल्फ-वॉटरिंग पॉट्स ऑर्डर केलेत तुझ्यासाठी."

मुलगा गुणी होता. तिच्यासाठी कुंड्या आधी मागवणारा मुलगा कितीजणींना मिळतो? शोभनाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"हिमानीकाकूला टोमॅटो द्यायचे होते मला."

"काकूला काय, ती दुकानातून आणेल."

"तुला नाही कळायचं," शोभना म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.

खरं सांगायचं तर टोमॅटोपेक्षा तिला हिमानीचं गप्प राहणं जास्त लागलं होतं. आठवडाभर हिमानी जेवढ्यास तेवढं बोलत होती. ती एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट, मुळातच मोजकं बोलणारी. पण गुरुवारी तिने स्वतः माळ्यावरून शोभनाची मोठी बॅग काढली, पुसली आणि खोलीत आणून ठेवली. एक शब्द बोलली नाही. त्यांची मुलगी अदिती शिकागोला नोकरीला गेल्यापासून घरात ती दोघंच. त्यांनाही कधीतरी आपलं घर आपल्याला हवं असणार, तिने मनाची समजूत घातली. आणि चार वर्षं ठेवून घेतलं, कधी वाकडा शब्द नाही, याबद्दल देवासमोर हात जोडले.

दुपारपर्यंत घराला जत्रेचं रूप आलं. गाड्या येत होत्या, पेट्या जात होत्या. "शोभनाकाकू, आढी तुम्ही घातलीत म्हणे? घरात शिरल्याशिरल्या गाव आठवलं हो!" एकीने तर दारातच आंबा चोखून पाहिला. हिमानी प्रत्येकाला सांगत होती, "ताईंनी केलं सगळं, मी नुसती मदतीला." शोभना हसत होती, वाकून पेट्या दाखवत होती, आणि मधूनच काचेपलीकडच्या झाडांकडे तिची नजर जात होती.

गर्दी ओसरल्यावर पाचजणं जेवायला बसली. आमरस, पोळ्या, बटाट्याची भाजी. आन्याने पोळीला हात न लावता रसाची दुसरी वाटी पुढे केली.

"मोअर प्लीज, आजी. धिस इज द बेस्ट थिंग एव्हर."

"आई, मानलं तुला," ईशान बोट चाटत म्हणाला. "आढी कुठे घातली होतीस? बेसमेंटमध्ये?"

"नाही रे, ग्रीनहाऊसमध्ये. टोमॅटोच्या खाली."

ईशानचा हात थांबला. त्याने डाव्या हाताने फोन उचलला. हा पोरगा लहानपणापासून असाच, उत्तर मिळाल्याशिवाय घास गिळायचा नाही. थोडा वेळ वाचत राहिला.

"आई, फुलं का गळली ते कळलं. पिकणाऱ्या फळांतून गॅस निघतो, इथिलीन. बंद जागेत तो साठला की टोमॅटोची फुलं गळतात, पानं खाली वळतात. एक्झॅक्टली तुझ्या झाडांसारखं. आंब्यांनी केलंय हे सगळं!"

शोभनाला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे मीच? मीच माझ्या हाताने?"

"तुला कसं माहीत असणार?" म्हणत ईशान सहज वळला. "पण काकू, तू तर केमिस्ट आहेस ना? तुलाही लक्षात नाही आलं?"

हिमानी रस वाढत होती. पळी तशीच हातात राहिली.

"आलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"बुधवारी."

शोभनाने हिमानीकडे पाहिलं. हिमानी भांड्याकडे पाहत होती.

"बुधवारी?" ईशानचा आवाज चढला. "आज शनिवार आहे. थोडंसं काम होतं, आंबे बाहेर काढायचे. आईने मार्चपासून मेहनत केली, ती पण तुझ्यासाठी! आणि तू बघत राहिलीस?"

"ईशान, आवाज खाली," नरेंद्र म्हणाला, पण तोही बायकोकडे अविश्वासाने बघत होता. "हिमानी, अगं, रोज सकाळी वहिनी फुलं झाडताना तुला दिसत नव्हती?"

"दिसत होती."

शोभनाला वाटलं, आपल्याला इथून उठता आलं तर बरं. आपण झाडांना जीव लावला आणि समोरचीने ती झडू दिली. असं का केलं असेल तिने? एवढी नकोशी झाले होते का मी, की माझ्या हातचं फळही नको? तिने पदर सावरला. "जाऊ दे रे, ईशान. तिच्या मनात काही..."

"ताई, थांबा." हिमानीने पळी खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही काय म्हणाला होतात? टोमॅटो धरले की मी जायला मोकळी, पहिली टोपली हिमानी तोडेल. म्हणाला होतात ना?"

"हो."

"बुधवारी लॅबमधून आले, तुम्हाला बघायला आत गेले. तुम्ही नव्हतात. आंब्याचा घमघमाट आणि खाली फुलं. दारातच कळलं मला. वाकून पेंढ्यात हातही घातला, आंबे बाहेर काढायला. मग म्हटलं, राहू दे. फुलं गेली तर टोमॅटो नाहीत. टोमॅटो नाहीत तर ह्या एवढ्यात जायच्या नाहीत." तिने श्वास घेतला. "हात काढला आणि दार लावून आले."

नरेंद्रच्या तोंडून आधी हुंदक्यासारखा आवाज आला आणि मग त्याला हसू फुटलं. "अगं बाई! पन्नाशी उलटली तुझी!"

"हसू नकोस, नरेंद्र. महिनाभर तू ह्याच्याशी फोनवर प्लॅनिंग करतोयस. मला एकदा तरी विचारलंस?"

"मला वाटलं वहिनीला जायचंय! नाहीतर मला काय आनंद होता का? मला डबा भरून देणारी बाई आहे ती."

"पण काकू, तोंडाने सांगायचं ना," ईशान म्हणाला. आवाजातला राग ओसरला होता, गोंधळ उरला होता.

"कुठल्या तोंडाने सांगू? पोटचा मुलगा न्यायला येतो आणि जाऊ आडवी पडते? अर्धं एडिसन आधीच म्हणतं, हिमानीची मजा आहे, घरात आयती स्वयंपाकीण आहे." हिमानी आता थेट शोभनाशी बोलत होती. "ताई, पोळ्या मी विकतच्या आणीन. भाजी नरेंद्र करेल, वाईट करेल, पण करेल. मी सात वाजता दमून येते, दार उघडते आणि आतून कुणीतरी विचारतं, आलीस का गं? तेवढं मला हवंय. अदिती गेल्यावर हे घर मला खायला उठलं होतं. तुम्ही आलात आणि मी माणसांत आले."

शोभनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मग ती बॅग? तू स्वतः काढून ठेवलीस."

"तुम्ही स्टुलावर चढला असतात म्हणून! गेल्या वर्षी चढला होतात. तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं, ते शोभनाने सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. चार वर्षं ती या घराचे उपकार मोजत राहिली, कारमधून सोडलं तरी थँक यू म्हणत राहिली, आणि हिमानी दर वेळी वैतागून म्हणायची, घरात कुणी थँक यू म्हणतं का? ते वैतागणं म्हणजे काय, हे तिला आज समजत होतं. आपण एवढ्या कुणाला हव्या आहोत, आणि हिमानीला ते बोलून दाखवता आलं नाही म्हणून तिने गुपचूप फुलं गळू दिली. आयुष्यात कुणी तिच्यासाठी एवढा वेडेपणा केला नव्हता. तिला हसूही येत होतं आणि रडूही. देवाने आपल्याला किती दिलंय, असं तिला वाटलं, आणि हात आपोआप जोडले गेले.

"आजी," आन्याने रसाने माखलेला चेहरा वर केला, "सो आर यू नॉट कमिंग विथ अस?"

सगळे शोभनाकडे बघायला लागले.

"आई, तू सांग," ईशान हळू म्हणाला. "काकूचं ऐकलं. काकाचं ऐकलं. तुला काय हवंय?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, असं नाही. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असायचं आणि ती तेच वाचून दाखवायची. मनोहर विचारायचे, अमेरिकेला यायचं ना? हो. तिने समोर पाहिलं. ईशानच्या चेहऱ्यावर आज काही लिहिलेलं नव्हतं. तो खरंच विचारत होता. तिलाही आता टोमॅटोच्या आड लपता येणार नव्हतं. तीही मार्चपासून लपलीच होती की. नाहीतर जायला निघालेलं माणूस टोमॅटो धरायची वाट कशाला बघेल?

"मला इथे राहायचंय," ती म्हणाली. "ह्या दोघांपाशी."

ईशान मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "तुझी खोली मी स्वतः पेंट केली, आई."

"माहीत आहे रे राजा. ती राहू दे तशीच. भर हिवाळ्यात हे काचघरही गारठतं, इथे मला काही काम नसतं. तेव्हा मी तुझ्याकडे येईन, दोन महिने राहीन. आणि ही शाळेला सुट्टी लागली की इकडे येईल. येशील ना गं, आन्या?"

"विल देअर बी मँगोज?"

"असतील," हिमानी घाईघाईने म्हणाली. "पेट्या गराजमध्ये ठेवू, पण असतील."

आन्याचं समाधान झालं. ईशानचं झालं नव्हतं. त्याने विचारलं, "म्हणजे मी उगाच आलो?"

शोभना उठली आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. त्याच्या केसांत पांढरे दिसायला लागले होते. तिने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले.

"उगाच नाही. मी इथे आले तेव्हा तुझी नोकरी गेली होती, तुम्ही तिघं एका खोलीत होतात. मला दुसरीकडे जायला जागा नव्हती. म्हणून इथे राहिले, आणि ह्यांनी कितीही प्रेम केलं तरी माझ्या मनातून ते जाईना, की मी आसऱ्याला आहे. आज तू न्यायला आलास. तिकडे माझी खोली आहे, नात हाक मारतेय, तिकीट काढलेलं आहे. आणि तरी मी इथे राहते म्हणतेय. तू आला नसतास, तर हे घर माझं आहे हे मला कधी कळलंच नसतं."

हिमानी उठून सिंककडे गेली, नळ सोडला आणि एकही भांडं न उचलता पाठमोरी उभी राहिली. नरेंद्र तिच्या शेजारी जाऊन थांबला.

ईशानने आईचा एक हात आपल्या खांद्यावर तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने दुसऱ्या हाताने फोन उघडला, तिकिटं काढली, आणि तीनपैकी एक कॅन्सल केलं.